खात्यांचा आढावा झाला, आता माणसांचा घ्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
मा. सहायक आयुक्त, समाजकल्याण

विषय : अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांना मिळणाऱ्या आरोग्य व सामाजिक सेवांचा तालुका पातळीवर एकत्रित आणि लोकांसमोर आढावा घेण्याबाबत

महोदय, महोदया,

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या योजनांचा जिल्हास्तरीय आढावा नुकताच झाला. सर्व विभागांची कामगिरी समाधानकारक ठरली आणि यापुढचे तालुक्यांचे आढावे व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, फक्त अधिकाऱ्यांपुरते होतील, अशी बातमी वाचली. या दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत. कामगिरी समाधानकारक नाही, आणि ती तशी का नाही हे सांगू शकणारी माणसे त्या व्हीसीत नसणार आहेत. तुम्हा पाचही जणांना एकच पत्र लिहिते आहे, कारण माझ्या घरातला प्रश्न तुम्हा पाचही जणांमध्ये वाटला गेला आहे. आणि ते उघड लिहिते आहे, कारण असे घर आमच्या एकट्या गावातही एकच नाही.

माझ्या सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या आहेत. शेतात निंदायला बसलेल्या असताना त्यांना पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणे तुटक झाले, पण समजते सगळे. तेव्हापासून त्यांना उठवणे, कुशीवर वळवणे, भरवणे, अंग पुसणे, लघवी-संडासचे बघणे हे माझे काम आहे. पती शेती आणि जनावरे सांभाळतात, मुलगा शिकायला बाहेर आहे. मला या कामाची लाज नाही आणि त्याचा मोठेपणाही नको. सासूबाईंनी माझी दोन बाळंतपणे काढली, त्या माझ्याच आहेत. पण घरातल्यांनी जे करायचे ते आम्ही करत असताना सरकारने जे कागदावर कबूल केले आहे ते आमच्या उंबऱ्यापर्यंत का येत नाही, हे विचारण्याचा हक्क मला आहे.

सुरुवात रुग्णालयातून घरी येण्यापासून करते, कारण खरे नुकसान तिथेच झाले. सरकारी रुग्णालयात उपचार चांगले मिळाले, हे मी आवर्जून लिहिते. सिस्टरांनी जीव लावला. मात्र सुट्टी देताना हातात जे कार्ड मिळाले त्यावर औषधांची नावे होती आणि खाली एक ओळ होती : फिजिओथेरपी चालू ठेवावी. कुठे चालू ठेवावी, कोणाकडून, किती दिवस, तिथपर्यंत जायचे कशाने, यातले काहीच नव्हते. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला या सुट्टीची खबर नव्हती. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना नव्हती. आशाताईंना कळले ते शेजारणीकडून. रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत, आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या. दोन्ही सरकारचेच, पण एकाने सोडलेला रुग्ण दुसऱ्याने हातात घ्यायचा, अशी रीतच नाही. गर्भवतीची नोंद होते, तिचा पाठपुरावा होतो, तिला आणायला-सोडायला १०२ ची गाडी येते. ते झालेच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. अर्धांग झालेल्या म्हातारीसाठी असा कोणताच धागा बांधलेला नाही, ही तक्रार आहे. १०८ तातडीच्या वेळी येते. तपासणीला न्यायला आणि परत आणून सोडायला कोणी येत नाही.

झटक्यानंतरचे पहिले तीन महिने हाता-पायाच्या हालचाली परत मिळवण्यासाठी सगळ्यात मोलाचे असतात, हे मला नंतर एका डॉक्टरांनी सांगितले. आमचे ते महिने गाडीभाड्याची जुळवाजुळव करण्यात गेले. मग पाठीला जखम झाली. कमरेच्या खाली, माकडहाडाशी. दर दोन तासांनी कूस बदलावी, हवेची गादी घ्यावी, त्वचा कोरडी ठेवावी, या साध्या गोष्टी कोणी घरी येऊन पहिल्याच आठवड्यात दाखवल्या असत्या तर ती जखम झाली नसती. तिची मलमपट्टी करायला उपकेंद्रातून कोणीतरी यावे म्हणून विनवण्या कराव्या लागल्या. आल्या त्या सिस्टर त्यांच्या इतर कामांतून वेळ काढून आल्या. हे काम त्यांच्या नियमित कामात धरलेले आहे असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आणि ते धरलेले आहे. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून देशात सुरू आहे. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी १० खाटांचा कक्ष, ग्रामीण रुग्णालय पातळीवर फिजिओथेरपीची सोय, आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची ओपीडी, आणि अंथरुणावरच्या वृद्धांना उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी घरी जाऊन भेट देणे, हे सगळे त्या कार्यक्रमात लिहिलेले आहे. आरोग्यवर्धिनी केंद्रांनी, म्हणजे दर्जा वाढवलेल्या उपकेंद्रांनी आणि आरोग्य केंद्रांनी, द्यायच्या १२ प्रकारच्या सेवांमध्ये वृद्धांची सेवा आणि वेदनाशामक सेवा, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी देखभाल, मोजलेली आहे. म्हणजे मी नवीन काही मागत नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. सासूबाईंना श्रावणबाळ या राज्याच्या ज्येष्ठांसाठीच्या पेन्शन योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळत होते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तरच ही रक्कम मिळते. इतक्या कमी उत्पन्नाच्या घरात १,५०० रुपयांचे मोल काय असते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. झटका आल्यावर, म्हणजे खर्च वाढला नेमके तेव्हा, ते पैसे थांबले. पडताळणीसाठी अंगठा लागत होता आणि लुळ्या पडलेल्या, वाळलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नव्हते. लाभार्थ्याला घेऊन या, असे सांगण्यात आले. कोणी उद्धटपणे सांगितले नाही, खिडकीवरच्या माणसालाही वाईट वाटत होते. पण जिला उठून बसता येत नाही तिला टेम्पोत घालून तालुक्याला न्यायचे, का, तर ती जिवंत आहे हे दाखवायला. त्याच आठवड्यात आरोग्य खात्याच्या गोळ्या तिच्या नावावर नोंदवून दिल्या जात होत्या. एका खात्याच्या वहीत ती रुग्ण म्हणून हजर होती आणि दुसऱ्या खात्याला तिच्या हयातीचा पुरावा हवा होता.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचेही तसेच. ते ठरलेल्या वारी, ठरलेल्या रुग्णालयात, स्वतः हजर राहून घ्यायचे. ते नसेल तर व्हीलचेअर नाही, दिव्यांगांची कोणतीच सवलत नाही, ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधीही नाही. ज्या रुग्णालयाने पॅरालिसिसचे निदान करून, एमआरआय बघून, स्वतःच्या शिक्क्याने कार्ड दिले, त्याच व्यवस्थेपुढे ते निदान पुन्हा सिद्ध करायला जायचे. सुट्टी देण्याआधी, रुग्ण खाटेवर असतानाच हे काम करता आले असते.

आजाराच्या खर्चासाठी विमा आहे, असे मला अनेकांनी सांगितले. आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला ५ लाखांपर्यंतचे आयुष्मान कार्ड आहे, महात्मा फुले योजना आहे. या दोन्ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होतात. आमचा खर्च दाखल असतानाचा नाही, घरचा आहे : डायपर, ड्रेसिंगचे सामान, औषधे, गाडी, आणि माझी बुडालेली मजुरी. गावातल्या बायका भांगलणीला जातात तेव्हा मी घरी असते. तो खर्च कोणत्याच खात्याच्या रकान्यात बसत नाही, म्हणून तो कोणाला दिसत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते, म्हणजे आढाव्यावर.

आमच्या आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. साठीच्या पुढच्यांसाठी त्यात वेगळे प्रश्न आहेत. उभे राहताना, चालताना तोल जातो का. हालचाल अडेल असे काही शारीरिक अपंगत्व आहे का. रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का. जवळच्या माणसांची नावे किंवा घरचा पत्ता विसरायला होतो का. चांगले प्रश्न आहेत, ज्यांनी तयार केले त्यांना म्हातारपण कळते. सासूबाईंच्या फॉर्मवर यातल्या पहिल्या तीन प्रश्नांना ‘हो’ आहे. तो फॉर्म ऑनलाइन भरला गेला. पुढे काय झाले? काहीच झाले नाही. पेन्शनची प्रकरणे बघणाऱ्या तहसीलच्या निराधार शाखेला तो दिसत नाही, समाजकल्याणला दिसत नाही, दिव्यांगांचे प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाला दिसत नाही. आशाताईंना बैठकीत विचारले जाते ते एवढेच, की किती फॉर्म भरले. ‘हो’ म्हणणाऱ्या किती जणांच्या घरी त्यानंतर कोण गेले, हे त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही.

म्हणजे माहिती सरकारकडे आहे. या जिल्ह्यातल्या कोणत्या गावात, कोणत्या घरात कोण अंथरुणावर आहे, हे सरकारी यंत्रणेने स्वतः जाऊन, विचारून, लिहून घेतलेले आहे. ते वाचण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नाही. प्रत्येक खाते आपापल्या उद्दिष्टाचा आकडा घेऊन बैठकीला येते. आरोग्य खाते तपासण्यांचा, तहसील मंजूर प्रकरणांचा, समाजकल्याण वाटलेल्या साहित्याचा. प्रत्येकाचा आकडा खरा असेलही. त्या सगळ्या आकड्यांमध्ये माझ्या सासूबाई आहेत, तपासलेल्या, मंजूर झालेल्या, नोंदवलेल्या. आणि तरी त्यांच्या पाठीला जखम झाली, पेन्शन थांबली आणि हात कायमचा आखडला. असा आढावा समाधानकारक ठरतो, कारण तो खात्यांचा असतो. माणसापाशी येऊन हे सगळे जुळले की नाही, हे तपासणारी बैठकच नाही.

यावर कोणी म्हणेल की एवढ्या मोठ्या जिल्ह्यात हे शक्य नाही. याच राज्यात ते झालेले आहे. २००७ मध्ये महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाच्या उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत. गावच्या समितीने आपल्या आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा, लाल असे शेरे द्यायचे, तो तक्ता गावात लावायचा, आणि मग जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लोकांसमोर उत्तरे द्यायची. औषधे का नव्हती, डॉक्टर का नव्हते, पैसे का मागितले, हे आदिवासी पाड्यांवरच्या बायकांनी माईक हातात घेऊन विचारले आणि त्यातून कितीतरी आरोग्य केंद्रांचे काम सुधारले. शिकलेल्या अधिकाऱ्यांच्या आढाव्यात जे निघाले नव्हते ते त्या सभांमध्ये निघाले. ती पद्धत ज्येष्ठांच्या सेवांना लावायला कोणता अडथळा आहे, हे मला समजून घ्यायचे आहे.

शेजारचे नको, लांबचे उदाहरण द्या, असे कोणी म्हणत असेल तर स्कॉटलंडकडे बघावे. तिथे २०१४ मध्ये कायदा करून आरोग्य आणि सामाजिक देखभाल यांचा स्थानिक कारभार एकत्र आणला आणि २०१६ पासून तो सगळीकडे लागू झाला. प्रत्येक भागाच्या संयुक्त मंडळाने वर्ष संपल्यावर चार महिन्यांत आपल्या कामगिरीचा अहवाल लोकांसमोर ठेवायचा असे बंधन आहे. त्यात बघायच्या नऊ गोष्टी देशभर एकच ठरवल्या आहेत, आणि त्यातली एक आहे घरी विनामोबदला देखभाल करणाऱ्यांच्या स्वतःच्या तब्येतीची. बरा झालेला माणूस, केवळ घरची सोय लागली नाही म्हणून रुग्णालयात किती दिवस अडकला, हेही तिथे मोजतात. तिथे सारे आलबेल आहे असे मुळीच नाही. पैसा अपुरा पडतो, माणसे मिळत नाहीत, आणि त्यांचे लेखापरीक्षक तसे स्पष्ट लिहितात. पण ते लिहिले जाते आणि छापले जाते. तो देश श्रीमंत आहे हे मान्य, म्हणून केरळही सांगते. २००८ मध्ये केरळने वेदनाशामक सेवेचे धोरण आणले आणि घरी जाणाऱ्या नर्सची जबाबदारी स्थानिक पंचायतींवर दिली. आपल्याइतक्याच उष्ण, आपल्याइतक्याच गर्दीच्या गावांत ती नर्स अंथरुणावरच्या माणसाच्या घरी जाते, जखम बघते, घरच्यांना शिकवते.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत ६० वर्षांवरचे लोक ९.९ टक्के होते, देशाच्या ८.६ टक्क्यांच्या तुलनेत जास्त. तेव्हापासून ते प्रमाण वाढतच आहे, आणि गावाकडे ते डोळ्यांना दिसते, कारण तरुण पुण्या-मुंबईला जातात आणि म्हातारी माणसे घर राखतात. माझ्या सासूबाईंना निदान मी आहे. आमच्याच वाडीत एक आजोबा अंथरुणावर आहेत आणि त्यांना बघणाऱ्या आजी स्वतः गुडघ्यांनी अधू आहेत. त्यांची खबर घेणारी बैठक कोणती?

आमच्या मागण्या अशा.

दर तीन महिन्यांनी तालुक्यात एकच संयुक्त आढावा व्हावा. ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्रे, निराधार शाखा, समाजकल्याण, दिव्यांग विभाग आणि गटविकास अधिकारी एका टेबलावर. अध्यक्षपद प्रांताधिकाऱ्यांकडे असावे. ज्येष्ठांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा ज्या न्यायाधिकरणामार्फत चालतो त्याचे पीठासीन अधिकारी तेच आहेत, त्यामुळे ज्येष्ठांचे प्रश्न त्यांना परके नाहीत. हा आढावा व्हीसीवर नको. त्यात ज्येष्ठ नागरिक संघाचे दोन प्रतिनिधी आणि घरी देखभाल करणाऱ्यांपैकी दोघे, त्यात किमान एक बाई, हक्काने बसतील असा लेखी आदेश काढा. वर्षातून एकदा जनसुनवाई घ्या.

त्या बैठकीत प्रश्न बदला. किती फॉर्म भरले हे नंतर विचारा. आधी हे विचारा : या तालुक्यात अंथरुणावर किती माणसे आहेत? गेल्या महिन्यात त्यांच्यापैकी कितींच्या घरी आरोग्य कर्मचारी गेले? रुग्णालयातून सुटलेल्या अशा किती रुग्णांना पहिल्या आठवड्यात कोणी भेटले? कितींना पाठीच्या जखमा झाल्या? कितींची पेन्शन पडताळणीअभावी थांबली आणि किती दिवसांनी सुरू झाली? उत्तरे गावनिहाय, कोणाचेही नाव न छापता, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. ती लाल निघाली तरी लावा.

पॅरालिसिस, माकडहाड किंवा खुब्याचे फ्रॅक्चर, शेवटच्या टप्प्यातला कर्करोग अशा रुग्णांना सुट्टी देताना रुग्णालयाने त्याच दिवशी संबंधित आरोग्य केंद्राला कळवावे आणि आठ दिवसांत घरी भेट व्हावी. पात्र रुग्णाच्या अपंगत्व प्रमाणपत्राचा अर्ज खाटेवरच भरून घ्यावा.

जो माणूस उठू शकत नाही त्याची हयात, त्याचे आधार आणि त्याचे अपंगत्व घरी येऊन तपासावे. ठसा उमटत नसेल तर तलाठी आणि आरोग्य कर्मचारी यांचा संयुक्त दाखला धरावा, आणि पडताळणी होईपर्यंत पैसे थांबवू नयेत. थांबलेले असतील ते मागच्या तारखेपासून द्यावेत.

हे सगळे काम पुन्हा आशाताईंच्या डोक्यावर फुकट टाकू नका. त्यांच्याकडे आधीच ढीगभर रजिस्टरे आहेत. घरभेटींसाठी त्यांना वेगळा मोबदला द्या, जखमेची निगा आणि व्यायाम यांचे प्रशिक्षण समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, आणि तालुक्याला निदान एक फिजिओथेरपिस्ट गावोगाव फिरेल अशी व्यवस्था करा.

आणि देखभाल करणाऱ्यांची तपासणी करा. कंबर, रक्तदाब, झोप. जड माणसाला वर्षानुवर्षे उचलणाऱ्या बाईचे पुढे काय होते ते मी माझ्या शरीरावरून सांगू शकते. मी पडले तर या घरात अंथरुणावर दोघी असतील आणि त्या दोघींचा खर्च अखेर सरकारवरच येईल.

यातल्या बऱ्याच गोष्टींना नवीन कायदा लागत नाही आणि फार पैसाही लागत नाही. तुमच्या सह्यांचे एक परिपत्रक लागते आणि ते पाळले जाते का हे बघणारी बैठक लागते. व्हीसीचा निर्णय मागे घेणार की नाही, आणि पहिला संयुक्त आढावा कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी होईल, हे एका महिन्याच्या आत लेखी कळवावे. आमच्या गावातून देखभाल करणाऱ्या बायकांच्या वतीने मी येईन. त्या दिवशी सासूबाईंजवळ कोण बसेल, हे शेजारणींनी आधीच ठरवले आहे.

आपली,
अंथरुणावरच्या एका ज्येष्ठ महिलेची सून